रंगांच्या दुकानाची बैठक

माझ्या बंद लाँड्रीत मला रंग-ब्रशांचं दुकान काढायचं होतं आणि मागच्या खोलीत अख्ख्या गल्लीला चितारायला, विणायला बसवायचं होतं. एकट्याला घर खायला उठायचं, दुसरं काय! म्हणून बेत ठरवायला बोलावताना दारोदार थाप ठोकली, "लवकर या, एकच जागा उरलीय!"

रविवारी सतरंजी अंथरली, पातेलंभर चहा उकळला. दिवेलागणीपर्यंत कुणी फिरकलं नाही.

मग शेजारच्या धुमाळवहिनी डोकावल्या. "गर्दी गेली का हो, नाना? जो तो म्हणत होता, ती जागा दुसऱ्याला मिळू दे."

"आत्ताच पांगली," मी म्हणालो.

"मग मी टेकू जरा? घरी भिंतींशी किती बोलायचं!"

सतरंजी अख्खी रिकामी होती, तरी मी जरा सरकून बसलो.