रोजची गोळी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ईश्वरी काळवंडत गेली. अंगात त्राण राहीना, उठलं की भोवळ यायची. "काळी पडली, कामालाही येत न्हाई," म्हणत नवऱ्यानं, राजेश्वरनं तिला सिरसाळ्याला माहेरी आणून सोडलं आणि तो माजलगावला निघून गेला.

आठवड्यातच ती अंगणात कोसळली. दवाखान्यात कळलं, शरीराला जगायला लागणारं एक हार्मोन तिच्या अंगात तयारच होत नव्हतं. तेच गोळीतून मिळू लागलं, तशी ती उभी राहिली. हळूहळू रंगही उजळला. वडिलांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आता तीच बसायची.

हे कानावर गेलं आणि राजेश्वर दुकानात हजर झाला.

"लई चांगली दिसायलीस की. चल घरी," तो म्हणाला. "फक्त त्या गोळ्या बंद कर. लोक म्हणतेत, ह्यांची सून आजारी हाय."

ईश्वरीनं त्याच्यासमोरच गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्याली आणि शांतपणे म्हणाली,

 

"ही सुटली तर मी मरंन, असं डॉक्टर म्हणलेत. तुमी सुटून वर्ष झालं, मला काई झालं न्हाई."