रोहिणीचा कॉम्प्युटर

फोन आला तेव्हा गिरधर नंदुरबारच्या बाजारातून बसस्टँडकडे निघाला होता. बायकोने, रोहिणीने, सकाळी चिठ्ठी दिली होती. कापूर, ब्लाउजचं अस्तर, एक छोटा गोल सेल. दोन वस्तू पिशवीत होत्या. तिसरी पुढच्या बाजारी बघू, असं त्याने ठरवलं होतं. फोनवर शेजारची फुलवंताबाई होती.

"भाऊ, जसा शे तसा घर ये. रोहिणी गयी."

तो गावी, कोरीटला, पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आतल्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. त्याच्यासमोरच्या खुर्चीवरून ती पडली होती. गिरधरने आधी कॉम्प्युटर बंद केला आणि भिंतीतला प्लग ओढून काढला. लोकांना ते विचित्र वाटलं. पण तिचा नियम होता. गावात व्होल्टेज कमी-जास्त होतं, म्हणून काम संपलं की प्लग काढायचा. एक दिवसही ती चुकली नव्हती.

त्या कॉम्प्युटरवर ती गावातल्या मुलींचे फॉर्म भरायची. स्कॉलरशिप, नर्सिंग, आयटीआय. भिंतीलगतच्या बाकावर मुली रांगेने बसायच्या. उत्तरकार्य झाल्यावर गिरधरने ठरवलं, हे काम आपण चालवायचं. बोटाने एकेक अक्षर शोधत का होईना, फॉर्म भरायचे.

पण कॉम्प्युटर कोणतीच साइट उघडेना. प्रत्येक वेळी 'सुरक्षित नाही' असंच लिहून यायचं. बाकावरच्या मुली आठवडाभर वाट पाहून नंदुरबारला जायला लागल्या.

सुरतेहून मुलगा भूपेंद्र आला होता. तो म्हणाला, "आबा, त्यामा आते काही दम नही. भंगारमा दी टाका."

"विंडोज काढीसन लिनक्स टाकूत, मामा," पुण्याहून भाची सोनम फोनवर म्हणाली. ती तिकडे नोकरीला होती. "जुना मशीनले ते हलकं ऱ्हास." तिने ते भरलेला पेनड्राइव्ह कुरियरने पाठवला.

भूपेंद्रने रविवारपर्यंत मुदत दिली. रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

बुधवारी गिरधर बसला. सोनम फोनवर सांगत गेली, तो दाबत गेला. आधी सेटिंग बदलली. मग इन्स्टॉल सुरू झालं. तीन तास गेले. अगदी शेवटी लाल पट्टी आली. फाइल अजून वैध नाही, म्हणे. त्याने मशीन बंद केलं, प्लग काढला.

गुरुवारी बघतो तर काल बदललेली सेटिंग पुन्हा जुनी.

"मामा, तुम्ही सेव्ह करं नही."

"करं ना माय. तू सांगं तसंच दाबं."

पुन्हा तीन तास. पुन्हा लाल पट्टी. शुक्रवारी तो नंदुरबारला जाऊन पेनड्राइव्ह पुन्हा नव्याने भरून घेऊन आला. वायर बदलली. तरी तेच. शनिवारी त्याने कॉम्प्युटरच्या डब्याला हाताने फटका मारला. पत्रा दबला. शेतातली मोटर जळली की वास येतो, कळतं तरी काय बिघडलं ते. याला वास नाही, आवाज नाही. नुसती लाल पट्टी.

रविवारी सकाळी पाचव्यांदा तेच झालं.

"ऱ्हाऊ द्या आते, मामा," फोनच्या स्पीकरवरून सोनम म्हणाली. तिचाही आवाज थकला होता.

गिरधर वायरी सोडवायला वाकला. तेवढ्यात फुलवंताबाई दुधाचा तांब्या घेऊन दारात आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पडद्याकडे बघून विचारलं,

"भाऊ, तू तारीख टाकी का?"

"कसानी तारीख?"

"मी दूध लई येऊ तवय रोहिणी खुर्चीवर बठेल ऱ्हाये. रोज सकायले पहिले तारीख टाके, मंग बाकीनं काम. मी म्हणू, एवढी शिकेल बाई, रोज तारीख काय भूली जास? ती हसे."

सोनमने फोनवरून विचारलं, "मामा, कोपरामा कोणतं साल दिखस?"

गिरधरने चष्मा लावला. एक जानेवारी, दोन हजार तेरा. पाच दिवस तो त्या पडद्यासमोर बसला होता. त्या कोपऱ्याकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"मामा, मशीन चांगलं शे. विंडोज बी चांगलंच व्हतं. आतला सेल मरेल शे. प्लग काढा का तारीख बी जास, सेटिंग बी जास. त्याले वाटस अजून तेराच साल चालू शे. मंग आजनी फाइल त्याले कशी चाली?"

"कसाना सेल?"

"छोटा, गोल. रुपयासारखा. नंदुरबारमा कोठेबी भेटी जाई." मग तिने विचारलं, "मामी रोज हाते तारीख भरे? कवयपासून?"

"तीन वरीस तरी व्हयी गयात," फुलवंताबाई म्हणाली.

गिरधर उठला. खुंटीवर त्या दिवशीचा सदरा होता, न धुतलेला. खिशातून त्याने चिठ्ठी काढली. अशा चिठ्ठ्या त्याने किती बाजार खिशात वागवल्या होत्या. प्रत्येकीच्या खाली तीच शेवटची ओळ असायची. पुढच्या बाजारी, असं तो म्हणायचा. ती भांडायची नाही. पुढच्या चिठ्ठीत पुन्हा लिहायची.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भूपेंद्र दारात आला.

"आबा, उचलू का?"

"हात लावू नको त्याले," गिरधर म्हणाला.

त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवून सरळ केली. कापूर आणला होता, तो तिच्या चितेला वापरला. अस्तर पिशवीत तसंच पडलं आहे. सेल आणायचा राहिला आहे.