डुगडुगता ट्रे

शॉवरखाली उभं राहायचा ट्रे काही केल्या बसेना. इकडे दाबला की तिकडचा कोपरा उचलायचा. प्लंबरने खाली पाचर सारून पाहिली, दोन शिव्या हासडून पाहिल्या आणि शेवटी ट्रे भिंतीला टेकवून ठेवला. दोष ट्रेचा नव्हताच. खालच्या लाकडी फळ्याच मधोमध खचल्या होत्या.

वीस वर्षं लोकांची न्हाणीघरं करणारा माणूस आज आईच्या माडीवरच्या न्हाणीघरात गुडघे टेकून बसला होता, त्यालाही कारण होतं. गेल्या रविवारी बहिणीकडे सगळे जेवत असताना त्याने विचारलं होतं, "आई, आंघोळ करतेस ना गं? वास येतोय." मेहुण्याने मान खाली घातली. "करते की," म्हणून आई ताट तसंच सोडून उठली. तेव्हापासून त्याला तिच्यासमोर यायची लाज वाटत होती. बहिणीने तर तिथल्या तिथे ठरवूनच टाकलं : आईचं एकटीने राहणं आता बास, तिच्या घराला कुलूप. "टबाच्या काठावरून पाय उचलत नसेल तिचा," असं म्हणून त्याने कशीबशी आठवड्याची मुदत मागून घेतली. टब काढायचा आणि जमिनीलगतचा शॉवर ट्रे बसवायचा. तरीही तिने आंघोळ टाळली, तर मात्र इलाज नव्हता.

पाण्याने लाकूड सडलं असणार, असं पुटपुटत त्याने फळ्या उचकटल्या. लाकूड कोरडं ठणठणीत होतं. पण फळ्यांखालच्या मधल्या तुळईत, सांडपाण्याचा पाइप न्यायला, कुणीतरी खाच मारली होती. खाच कसली, पाऊण तुळईच कापून काढली होती. उरलेल्या चार बोटं लाकडाला चीर गेली होती.

कुठल्या गाढवाने, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे न्हाणीघर त्यानेच केलं होतं. धंद्यात पडल्यावरचं पहिलंवहिलं काम. आईला हाताला धरून आणलं होतं आणि नळ सोडून दाखवला होता. लाजेने त्याला त्या भगदाडातच उतरून बसावंसं वाटलं.

तो जिना उतरून खाली आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पातेल्यात कोमट पाणी होतं, दोरीवर पिळलेलं फडकं होतं. आई ओलं अंग पदराने टिपत होती. म्हणजे आंघोळ ती इथे उरकत होती, पुसून पुसून.

"वरची जमीन खचलीय, हे तुला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली. टबात पाय ठेवला की खाली कडकडायचं. मग सोडलंच मी."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस? चारचौघांत मी तुला काय बोललो."

आईने पातेलं मोरीत रिकामं केलं.

"तुझं पहिलं काम ते. नवी शेजारीण आली की अजून वर नेऊन दाखवते मी. दारातूनच दाखवते, आत पाऊल ठेवू देत नाही कुणाला."