लव्हिनाचा बूट

आमच्या मॅसॅच्युसेट्सकडे चित्रकाराने मुलाच्या एका पायातला बूट काढून शेजारी ठेवलेला रंगवला, की बघणाऱ्याने डोक्यावरची टोपी उतरवायची. ते मूल गेलेलं असतं.

लव्हिना व्हिटकॉम्ब चांगली जिवंत होती. तिच्या चित्रात दोन्ही बूट पायात होते. तिच्या बापाला नातेवाइकांत वाटायला प्रती हव्या होत्या, म्हणून मी ते चित्र छपाईच्या दगडावर उतरवलं.

पहिला कागद निघाला. डावा पाय उघडा, बूट शेजारी.

"डोळे फुटले का तुझे?" आमचा मालक पॉमरॉय खेकसला. "हे दाखवू तिच्या बापाला?"

मी दगड घासून कोरा केला, चित्र पुन्हा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पॉमरॉय माझ्या डोक्यावरच उभा राहिला. दगडावर दोन्ही बूट पायातच आहेत, हे त्याने स्वतः पाहिलं. कागदावर मात्र पाय उघडाच. या वेळी त्याने शिवी दिली नाही. कागद गुपचूप शेगडीत घातला.

तेवढ्यात बापाचं बोट धरून लव्हिना आत आली. दोन्ही पायांत बूट. पॉमरॉय इतक्या मोठ्याने हसला, की पोरगी दचकली.

"कागद वाळायचेत अजून," मी म्हणालो. "बसा ना."

ती स्टुलावर बसली. "बाबा, बूट चावतोय."

"मग काढ की, राणी."

"नको!" पॉमरॉय आणि मी एकदमच ओरडलो.

तोवर डावा बूट तिने शेजारी ठेवला होता. मग हात मांडीवर घेऊन, चित्रात बसली होती तश्शी, ती आमच्याकडे बघत राहिली. तिची पापणी काही लवली नाही.