ताईवोचे एकेचाळीस

फ्रीज खडखडून सुरू झाला आणि दुपारभर गप्प पडलेलं घर दचकलं. वीज आली होती. अबेनीने घाईने लॅपटॉप उघडला.

नवऱ्याच्या, लेकानच्या, स्टुडिओतले अठरा हजार फोटो लावायचं काम तिच्या गळ्यात होतं. तारखेप्रमाणे लावावेत, तर लेकानच्या कॅमेऱ्याचं घड्याळ सारखं मागे पळायचं. निम्म्या इलेशा गावाची लग्नं एकाच दिवशी लागलेली. त्याने फोल्डरांना दिलेली नावं तरी काय, 'हिरवं लग्न', 'पुन्हा हिरवं लग्न', 'जाडी मावशी'. शेवटी तिने चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम घेतला. एका फोटोत कोण कोण ते सांगायचं, पुढचं तो बघतो.

लेकीची ओळख पटवायला तिने प्रोग्रॅमला जुळ्यांचा फोटो दाखवला होता. दोन वर्षांपूर्वी जुळ्यांतली केहिंदे तापाने गेल्यावर लेकानने तिथल्या रीतीप्रमाणे उरलेल्या ताईवोला एकाच झग्यात दोनदा बसवलं होतं, एकदा बाकाच्या डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दोन्ही फोटो जोडून एक केला होता. डावी ताईवो, उजवी केहिंदे, असं अबेनीने लिहून टाकलं. यादीत केहिंदेचं नावच नसावं, हे तिला सोसलं नसतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांतले लेकीचे सगळे फोटो आता दोन ढिगांत पडले होते. ताईवो, एकेचाळीस. केहिंदे, दोनशे बारा.

शाळेच्या नव्या गणवेशातली केहिंदे. परवा मांडीवर बसून भाजलेलं केळं खाणारी, तीही केहिंदे. ताईवोचा शेवटचा फोटो मागच्या धुळीच्या वाऱ्यांच्या मोसमातला. त्यापुढे ती नव्हतीच.

खाली प्रश्न होता. या दोघी एकच आहेत का? 'हो' म्हटल्यास नाव राहील, केहिंदे.

"अहो, जरा इकडे या."

लेकान तोंड पुसत आला. "यंत्राला काय कळतंय, जुळ्यांच्या आई? पोरगी एकच आहे ना घरात? मग म्हण 'हो'. नाव मागाहून बदल."

"तुम्हीच म्हणा."

त्याने हात पुढे केला. फोटोंवरून एकदा नजर फिरवली. हात तसाच मागे घेतला. "गिऱ्हाईक आलंय वाटतं," म्हणून तो बाहेर गेला. बाहेर कुणी नव्हतं.

ताईवो नुकतीच झोपेतून उठली होती. डोळे चोळत आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली. एकेचाळिसांवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघ ताईवो."

"आणि ही गं?" अबेनीने दुसऱ्या ढिगाकडे बोट केलं.

पोर खुदकन हसली. "तुला नाही माहीत?"

अबेनीने तिचं लाल मण्यांचं मनगट हातात घेतलं. लाल मणी म्हणजे ताईवो, निळे म्हणजे केहिंदे. दोघींना ती मण्यांवरूनच ओळखायची. तापाच्या त्या आठवड्यात सासूबाईंनी अंग पुसायला दोघींचे मणी काढले होते. पुन्हा घातलेही होते.

"आई," पडद्यावरची नजर न काढता पोरीने विचारलं, "यातली तुझ्याकडे राहिली ती कोणती?"