शाबास, मावशी

मावशीची लेक लग्न होऊन सासरी गेली, त्याच वर्षी भाचीची नोकरी सुटली. भाची डॉक्टरांची सहायक होती. फोनच्या पडद्यावर घरोघरचे पेशंट बघायची, विचारपूस करायची आणि डॉक्टरांना कळवायची. मावशीचं हृदय कमजोर. तिचा फोनही भाचीच घ्यायची. आता हे काम उरलं नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

ते सांगायला ती आठवड्याभराने, सोमवारी दुपारी मावशीकडे गेली. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "मीठ सोडलंत ना? शाबास, मावशी!"

आवाज तिचाच होता.

स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. पडद्यावर भाचीचा चेहरा, अंगात तिचाच निळा कुडता. दवाखान्यात तिचं चित्रण केलं, त्या दिवशी तिने तो घातला होता. "नव्या मुलींना शिकवायला लागेल," डॉक्टर म्हणाले होते. "तुझ्यासारखं गोड बोलणं कुणाला जमतं?" ती हौसेने केस धुऊन गेली होती.

मावशीने घाईघाईने फोन बंद केला.

"तुला वाटलं, मीच आहे?" भाचीने विचारलं.

"छे! पहिल्याच दिवशी ओळखलं. मला अहोजाहो करत होती. म्हटलं, आमच्या बाईला काढून तिच्या तोंडाचं यंत्र बसवलेलं दिसतंय."

"आणि एका शब्दाने विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? तू सदा घाईत. ही बापडी रोज येते, सगळं ऐकून घेते."

भाची खाली बसली. मावशीचा पाय मांडीवर घेऊन तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"हे तिला दाखवलंस?"

"दाखवते की. तिची वेळ व्हायच्या आधी पाय उशांवर ठेवून पडते थोडी, म्हणजे उतरतात. सूज दिसली की तिचं तोंड एवढंसं होतं."

"तोंड माझं आहे ते! आणि मीठ?"

मावशी हसली. हसताना तिला धाप लागली. "थोडंसं लागतंच गं. तिला सांगितलं, सोडलं. लगेच शाबास म्हणते. तू पातेल्यात बोट घालून चाखलं असतंस."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं."

"उद्या तिला विचारते. ती म्हणाली तर जाऊ."

"मी सांगतेय ना, मावशी!"

मावशीने पाय ओढून घेतला. "तुझी नोकरी गेली, त्याचा राग त्या बिचारीवर कशाला काढतेस?"

भाचीने फोन उचलून सुरू केला. तिचाच चेहरा तिच्याकडे बघून हसला.

"यांना आजच दाखल करायला सांग," भाची म्हणाली.

"अरे वा, मावशी! आज आवाज अगदी खणखणीत आहे," चेहरा म्हणाला. "असंच चालू ठेवा. उद्या भेटू."

पडदा काळा झाला.

"बघ," मावशी म्हणाली, आणि चहाला उठली.

गुरुवारी दुपारी मावशी वारली.