खिडकीजवळचं टेबल

जयदेवाला बसायची रीत नव्हती. वाशीगावातला पहिला मॅट्रिक, मिठागराच्या कचेरीत कारकून, पण टेबलावर असा वाकायचा की नाक दौतीत बुडावं. त्याची आई येसूबाई हे रोज बघायची. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन, आरोळी देत ती कचेरीवरून जायची, तेव्हा खिडकीतून लेकाची फक्त वाकलेली पाठ दिसायची.

हीच पाटी वाहून तिनं त्याला शिकवलं होतं. तिची मान कधी वाकली नव्हती.

घरी ती बोल बोल बोलली. डोक्यावर पाटी हाय असं समज आनि बस. पाय लोंबत ठेवू नको. तो नुसता हूं म्हणायचा. कंबर दुखते का विचारलं, तर म्हणाला, दुखते. कचेरीत मात्र येऊ नको, साहेब रागावतात.

मग तिनं गोटीराम शिपायाला बोंबील चारले आणि टेबलाखाली विटा लावून घेतल्या, पायाखाली खोकं ठेवून घेतलं. कचेरीत वीज नव्हती. उजेडासाठी टेबल खिडकीशी ओढायलाही तिनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पाठ आणखी वाकलेली.

शेवटी कमरेला टेकायला तिनं जुन्या लुगड्याची उशी शिवली. घरी दिली तर नेणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पाटी शेजारच्या शांतीला देऊन तिला रस्त्यानं पुढे धाडलं आणि स्वतः बांधावरून येऊन कचेरीच्या मागच्या दाराशी उभी राहिली.

जयदेव डोलकाठीसारखा ताठ बसला होता. पाय खोक्यावर, मान सरळ. शेजारच्या कारकुनाशी हसत बोलत होता. आपलं औषध लागू पडलं, येसूबाईला वाटलं. तिनं पदराआडून उशी काढली.

तेवढ्यात रस्त्यावरून शांतीची आरोळी आली, म्हावरं घ्या गो, म्हावरं.

जयदेव मिटला. खांदे आत, हनुवटी छातीत, नाक कागदावर. आरोळी खिडकीखालून पुढे गेली, तरी त्यानं मान उचलली नाही. तसाच शेजाऱ्याला हळू विचारता झाला, "गेली का ती मासळीवाली?"

येसूबाईनं उशी परत काखेत मारली.

"गेली, साहेब," ती दारातून म्हणाली. "आता ताठ बसा. परत यायची नाय ती."